विमानातली 'चौथी सीट'

गेल्या महिन्यात एका सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच एक ओळखीचे जोडपे बाहेरच्या बाकावर येऊन बसले होते. बाई निवृत्त शिक्षिका, वय बासष्ट. यजमान बँकेतून निवृत्त झालेले. मुलीच्या बाळंतपणासाठी पाच महिने न्यू जर्सीला राहून दोघे चारच दिवसांपूर्वी काशीमीऱ्याला परतले होते. तक्रार अगदी साधी होती. बाईंची डावी पोटरी दुखत होती. 'प्रवासाचा शीण, विमानात पाय आखडला असेल' असे म्हणून यजमानांनी दोन रात्री कोमट तेलाने ती चांगली चोळून दिली होती. नवऱ्याने बायकोचे पाय चोळून द्यावेत ही आपल्याकडे कौतुकाचीच गोष्ट. पण मी दोन्ही पोटऱ्यांना टेप लावली तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर जास्त भरली. हाताला गरमही लागत होती. मी यजमानांना म्हटले, "तेलाची बाटली आता कपाटात ठेवा, आणि आधी डॉप्लर करून या."

डॉप्लर सोनोग्राफीत गुडघ्यामागच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली. त्याच दिवशी औषध सुरू झाले आणि बाई आता बऱ्या आहेत. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे. औषधाची चिठ्ठी लिहिताना मी त्यांना विचारले, "एवढ्या चौदा-पंधरा तासांत जागेवरून किती वेळा उठलात?"

"एकदाच."

"का हो?"

"खिडकीची सीट होती, डॉक्टर. बाजूचे दोघे झोपले होते. परक्या माणसांना किती वेळा उठवायचं? म्हणून पाणीसुद्धा बेतानंच प्यायले."

यजमान चार रांगा मागे होते. शेजारी-शेजारी जागा हव्या असतील तर वेगळे पैसे पडत होते, ते वाचवले.

वाचकहो, हा लेख त्या एका उत्तरामुळे लिहावासा वाटला. आमच्या मीरा रोड-भाईंदर-काशीमीरा पट्ट्यात आज अशी कितीतरी घरे आहेत, की ज्यांचा मुलगा नाही तर मुलगी अमेरिकेत, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात आहे. आई-वडील बाळंतपणाला जातात, नातवंडे सांभाळतात आणि व्हिसाची मुदत संपत आली की परततात. जाण्याआधी ते माझ्याकडे येतात ते रक्तदाब तपासून घ्यायला आणि सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून घ्यायला. बॅगेत किती किलो लोणचे चालते याची चौकशी दहा ठिकाणी झालेली असते. 'विमानात बसायची जागा कोणती घेऊ?' हे मला आजवर कुणी विचारलेले नाही. माझ्या मते हा प्रश्न डॉक्टरलाच विचारायचा आहे.

विमानातल्या खुर्च्यांचे काय झाले आहे ते विरार लोकलने प्रवास करणाऱ्याला समजावून सांगायची गरज पडू नये. बाक तिघांचा. पण 'सरका जरा' म्हटले की चौथा टेकतो आणि अर्ध्या मांडीवर दादरपर्यंत जातो. बाक काही त्यासाठी लांब होत नाही. विमान कंपन्यांनी नेमके हेच केले, फक्त 'सरका जरा' न म्हणता. बोइंग ७७७ हे लांब पल्ल्याचे मोठे विमान १९९५ साली सेवेत आले तेव्हा बहुतेक कंपन्यांनी साध्या वर्गात एका रांगेत नऊ खुर्च्या बसवल्या होत्या. आज त्याच विमानात बहुतेकांकडे दहा असतात, तीन-चार-तीन अशा. विमानाची रुंदी होती तेवढीच आहे. साडेअठरा इंचांच्या आसपासची खुर्ची सतरा इंचांवर आली. त्यानंतर २०११ मध्ये बोइंग ७८७ आले. त्यात आरामशीर मांडणी आठ खुर्च्यांची, पण बहुतेक कंपन्यांनी नऊ बसवल्या. जपान एअरलाइन्सने मात्र आपल्या आंतरराष्ट्रीय मार्गांवर आठच ठेवल्या, म्हणजे आठ ठेवून धंदा होतच नाही असे म्हणायला जागा नाही.

ही झाली रुंदी. पुढच्या-मागच्या अंतराचीही तीच कथा. एका खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचे अंतर पूर्वी चौतीस-पस्तीस इंच असे, ते आता एकतीस-बत्तीसवर आले आहे. कंपन्या सांगतात की आम्ही खुर्चीची पाठ पातळ केली, त्यामुळे गुडघ्याला जागा पूर्वीइतकीच मिळते. त्यात थोडे तथ्य आहे. पण पुढच्याने पाठ मागे सोडली, की त्या तथ्याचे काय होते ते साडेपाच फुटी माणसाच्या गुडघ्यालाही कळते.

त्याच काळात दुसरी एक गोष्ट झाली, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. प्रवास तुटक होता तो सलग झाला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान, 'मलबार प्रिन्सेस', मुंबईहून लंडनला निघाले ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत थांबत. तेव्हा तो विमानाचा नाइलाज होता, पण पायांचे त्यात भले होत होते. २००७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून न्यूयॉर्कला मध्ये कुठेही न थांबणारे विमान सुरू झाले, साधारण पंधरा-सोळा तासांचे. आपण सर्वांनी त्याचे स्वागतच केले. म्हाताऱ्या आई-वडिलांना परक्या विमानतळावर विमान बदलावे लागत नाही, ही सोय खरोखर मोठी आहे. पण बसण्याची जागा आखडत गेली आणि बसण्याचे तास वाढत गेले. या दोन गोष्टींचा गुणाकार करायचा असतो, तो कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो.

आता शरीरात काय होते ते पाहू. पायातले रक्त हृदयाकडे वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकले की पोटरी आवळते, आतल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. विहिरीवरच्या हातपंपाचेच तत्त्व आहे हे. माणूस गुडघा काटकोनात मोडून तासन्तास निश्चल बसला, की पंप बंद. त्यात खुर्चीची कड मांडीच्या मागे रुतत असेल तर वाटही अर्धी अडलेली. साचलेले रक्त गोठू लागते. गुठळी पोटरीत राहिली तर दुखणे आणि सूज. ती सुटून रक्तातून वर गेली आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली तर धाप, छातीत कळ, आणि कधीकधी काही मिनिटांत मृत्यू. म्हणून तर त्या यजमानांची तेलाची बाटली पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. चोळल्याने गुठळी सुटू शकते.

हा आजार विमानाने जन्माला घातलेला नाही. १९४० साली लंडनवर जर्मन बाँब पडत होते तेव्हा हजारो लोक तळघरातल्या आसऱ्यांत रात्री काढत. झोपायला जागा नसे, म्हणून घडीच्या कापडी खुर्च्यांवर बसून झोपत. या खुर्च्यांची पुढची लाकडी आडपट्टी मांडीखाली दाबत असे. कीथ सिम्प्सन या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरच्या लक्षात आले, की बाँबने इजा न झालेली माणसे आसऱ्यातून उठून चालू लागताच कोसळून मरत आहेत आणि त्यांच्या फुप्फुसांत गुठळ्या सापडत आहेत. त्याने हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिले. आसऱ्यांत खुर्च्यांऐवजी फळ्यांची बिछान्याची सोय झाली तसे हे मृत्यू कमी झाले. मला या हकिकतीतली ही शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटते. इथे गोळी द्यावी लागली नाही की इंजेक्शन. फर्निचर बदलले आणि माणसे वाचली.

पुढे १९५४ मध्ये अमेरिकेत जॉन होमन्स यांनी दीर्घ बैठकीनंतर गुठळी झालेल्या रुग्णांची नोंद केली. त्यांपैकी एक स्वतः डॉक्टर होता आणि चौदा तासांच्या विमानप्रवासाहून आला होता. १९८८ मध्ये 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' हे नाव रूढ झाले. ऑक्टोबर २००० मध्ये सिडनीहून लंडनला पोचलेली अठ्ठावीस वर्षांची एक निरोगी तरुणी विमानातून उतरताच कोसळून मरण पावली, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी या विषयाची दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने मग मोठा अभ्यास हाती घेतला. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि असा प्रवास करणाऱ्या निरोगी माणसांत सहा हजारांत एकाला हा त्रास होतो. थोड्या दिवसांत लागोपाठ प्रवास केले तर धोका वाढतो, आणि उतरल्यानंतरही तो लगेच संपत नाही. काही आठवडे राहतो.

सहा हजारांत एक हा आकडा वाचून कुणी तिकीट फाडून टाकू नये. नातवाचे तोंड पाहायला जरूर जावे. शिवाय त्याच अभ्यासांत असेही दिसले, की मोटार, बस किंवा रेल्वेत तितकेच तास बसून राहिले तरी धोका तसाच वाढतो. तेव्हा काशीमीऱ्याच्या नाक्यावरून रात्री सुटणाऱ्या लक्झरी बसमध्ये बसून जे अहमदाबादेला आणि त्याच्याही पुढे जातात त्यांनाही हे सारे लागू आहे. जे लोक 'विमानाची हवाच वाईट' असे म्हणतात त्यांना मी एवढेच सांगेन, की विमानात हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवतात, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही विरळ हवा. ती कोरडीही असते. पण खरा अपराधी बैठक आहे.

त्या अभ्यासांतली एक गोष्ट मला आपल्या बायकांच्या दृष्टीने फार मोलाची वाटते. अतिउंच माणसांप्रमाणेच बुटक्या माणसांनाही, म्हणजे १६० सेंटिमीटरपेक्षा कमी उंची असलेल्यांना, विमानात धोका अधिक असतो. १६० सेंटिमीटर म्हणजे सव्वापाच फूट. आपल्याकडच्या बहुतेक आया-आज्या या मापात बसतात! उंच माणूस गुडघे अडकले म्हणून तक्रार तरी करतो. पाच फुटांच्या आजीला गुडघ्यापुढे जागा दिसते, त्यामुळे आपल्याला काही त्रास आहे हे तिलाच कळत नाही. तिचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, खुर्चीची कड मांडीमागे रुतते आणि लंडनच्या त्या लाकडी पट्टीचा प्रकार पुन्हा सुरू होतो. खुर्च्या बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ही आजी कधी होती असे मला वाटत नाही. यावर उपाय मात्र घरगुती आहे. हातातली छोटी बॅग पायाखाली पाटासारखी घ्यावी, म्हणजे मांडी उचलली जाते. विमान चढताना आणि उतरताना ती पुन्हा पुढच्या खुर्चीखाली सरकवावी.

आता मुख्य सल्ला, आणि तो तिकीट काढणाऱ्या मुला-मुलींना आहे. आईसाठी खिडकी मागू नका, वाटेकडची सीट मागा. खिडकीतून तासभर ढग दिसतात आणि पुढे अंधार. वाटेकडच्या सीटवरचा माणूस कुणाचीही परवानगी न घेता उठू शकतो. खिडकीशी बसणारे कमी उठतात आणि त्यांना धोका जास्त, हे अभ्यासांतही आढळले आहे. त्यासाठी जादा पैसे पडत असतील तर द्या. ते औषधाच्या खर्चात धरा. गुडघ्याला भाडे आकारण्याची ही पद्धत मला मुळीच पसंत नाही, पण त्यावरचा राग आईच्या पोटरीवर काढू नये. आई-वडिलांच्या जागा शेजारी-शेजारी घ्या, एक वाटेची आणि एक तिच्या लगतची. नवऱ्याला उठवायला बायकोला संकोच वाटत नाही.

दर तासा-दीड तासाने उठून मागच्या स्वच्छतागृहापर्यंत फेरी मारावी. बसल्या जागी टाच टेकवून पाऊल वर-खाली करावे, शिवणयंत्राचा पाय चालवतात तसे, दर अर्ध्या तासाने वीस-पंचवीस वेळा. माझ्या पिढीच्या बायकांना हे शिकवावे लागत नाही. पाणी पिण्याने गुठळी टळते असा पक्का पुरावा नाही. तरीही मी पाणी प्यायला सांगतो, कारण पाणी प्यालेल्या माणसाला उठावेच लागते. उलट, 'लघवीला जावे लागेल' म्हणून रक्तदाबाची गोळी प्रवासाच्या दिवशी परस्पर बुडवणारे पुष्कळ भेटतात. तसे करू नये. गोळीची वेळ बदलायची असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. झोपेची गोळी घेऊन पाय मुडपून आठ तास पडणे ही तर गुठळीला दिलेली अक्षत आहे.

व्हीलचेअरबद्दलही थोडे बोलले पाहिजे. हल्ली धडधाकट आई-वडिलांसाठीही मुले व्हीलचेअर मागवतात. इंग्रजीची अडचण पडू नये, रांगेत उभे राहावे लागू नये हा हेतू. त्यामागची काळजी मी समजू शकतो. पण हिशेब करून पाहा. काशीमीऱ्याहून दहिसर चेकनाक्याची गर्दी पार करून विमानतळापर्यंत दीड तास मोटारीत बसून, तिथून व्हीलचेअरवर बसून, दाराशी दोन तास बसून, मग विमानात पंधरा तास बसून, पलीकडे पुन्हा व्हीलचेअर आणि पुन्हा मोटार. वीस-बावीस तासांत आईने पन्नास पावलेही टाकलेली नसतात. सोबतीला माणूस हवा असेल तर तो जरूर घ्यावा, पण ज्यांना चालता येते त्यांनी विमानतळावर थोडे तरी चालावे.

ज्यांना पूर्वी कधी गुठळी झाली आहे, ज्यांना कर्करोग आहे, ज्यांची गेल्या काही आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया झाली आहे (गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी तर विशेष), ज्यांच्या पायाला प्लास्टर आहे, ज्या गरोदर आहेत किंवा नुकत्या बाळंत झाल्या आहेत, ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेतात आणि ज्यांचे वजन फार आहे, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. यांतल्या काहींना पोटरीला घट्ट बसणारे मोजे द्यावे लागतात. ते गुडघ्याखालचे आणि मापाचेच हवेत. पायाच्या धमन्यांचा रक्तपुरवठा कमी असलेल्या मधुमेही रुग्णांनी ते विचारल्याशिवाय घालू नयेत. ॲस्पिरिनबद्दल फार लोक विचारतात. हृदयासाठी चालू असेल तर चालू ठेवावी, पण प्रवासापुरती आपल्या मनाने सुरू करू नये. गुठळी टाळायला तिचा भरवसा नाही, आणि जठरातून रक्तस्राव झाला तर तो मात्र खरा.

इथवर प्रवाशाने काय करायचे ते सांगितले. पण सगळे ओझे प्रवाशावरच टाकून मोकळे होणे मला पटत नाही. दहावी खुर्ची बसली म्हणून तिकीट स्वस्त झाले आणि शिक्षिकेला न्यू जर्सीला जाता आले, हे मी मान्य करतो. मला ती स्वस्ताई नकोशी नाही. माझी तक्रार लपवाछपवीची आहे. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापावे लागते, आणि लाखभर रुपयांच्या तिकिटावर खुर्ची किती इंचांची ते छापलेले नसते. कापड गजाने मोजून घेणारे आपण ही खुर्ची न मोजता विकत घेतो, आणि विमान आकाशात गेल्यावर मोजतो. विमान वाहतूक महासंचालनालयाने निदान एवढे तरी करावे, की भारतातून तिकीट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने खुर्चीची रुंदी आणि दोन रांगांमधले अंतर तिकीट विकतानाच ठळक दाखवावे. इंच दिसू लागले की गिऱ्हाईक त्यांचीही तुलना करील.

त्यापुढची पायरी किमान मापाची. अमेरिकेच्या संसदेने २०१८ मध्ये तिथल्या विमान वाहतूक खात्याला खुर्चीचे किमान माप एका वर्षात ठरवायला सांगितले. खात्याने ओक्लाहोमा सिटीत सातशेवर स्वयंसेवक घेऊन चाचण्या केल्या. संकटकाळी विमान रिकामे करायला खुर्च्या आड येतात का, एवढेच त्यांत पाहिले, आणि 'आड येत नाहीत' असा निष्कर्ष काढला. त्यातले सगळे स्वयंसेवक साठ वर्षांच्या आतले आणि धडधाकट होते. २०२२ मध्ये लोकांची मते मागवली तेव्हा सव्वीस हजारांवर पत्रे आली, आणि २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने या प्रकरणात हस्तक्षेप करायला नकार दिला. आपल्याकडून जाणाऱ्या विमानात बाळंतपणाला निघालेल्या आज्या किती असतात ते कुणीही विमानतळावर उभे राहून मोजावे. आपल्याकडे माप ठरेल तेव्हा त्या चाचणीला पाच फुटांची, बासष्ट वर्षांची, नऊवारी नसली तरी पाचवारी नेसलेली बाई बसवावी, अशी माझी सूचना आहे.

प्रवासाहून आल्यानंतर दोन महिन्यांत एकच पाय सुजला, पोटरी दुखली किंवा गरम लागली तर चोळू नका, शेकू नका, त्याच दिवशी दाखवा. एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा घेरी आली तर माझ्या दवाखान्यातही थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि तिथे पहिल्या वाक्यातच सांगा, की 'नुकताच लांबचा प्रवास झाला आहे.' हे वाक्य राहून गेले तर डॉक्टरचाही वेळ भलतीकडे जातो.

परवा त्या बाई पुन्हा तपासायला आल्या होत्या. पोटरी दोन्ही बाजूंना सारखी भरली. औषध आणखी काही आठवडे घ्यायचे आहे. मुलगी पुढच्या वर्षी पुन्हा बोलावते आहे म्हणाल्या. "जायला हरकत नाही, पण जाण्याआधी मोज्यांसाठी आणि औषधासाठी दाखवून जा," असे सांगितले. यजमान दारापर्यंत गेले आणि मागे वळून म्हणाले, "तिकडची ती जादा पैशांची सीट एकदम दोघांची काढायची की वेगवेगळी?"

"एकदम," मी म्हटले. "आणि तुम्ही मध्ये बसा."